कडीवरचा हात

१२ जानेवारी

मावशी,

या नावानं तुम्हाला हाक मारायचा मला हक्क आहे की नाही, ठाऊक नाही. मी तुमच्या ताईचा मुलगा. वय अठ्ठावन्न, डोक्यावर केस जेमतेम, धंदा नाटकं लिहिण्याचा. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तुम्हाला कळवलं होतं. तुमचं दोन ओळींचं कार्ड आलं, ते मी ठेवलंय. त्यानंतर तुम्हीही लिहिलं नाही, मीही नाही.

आडपडदा न ठेवता सांगतो. मामांच्या कादंबरीचं संगीत नाटक करायचं घाटतंय. चांगलं दणदणीत, वीस वादक आणि तीसेक नट घेऊन. निर्मात्यानं लिहिण्यासाठी मला विचारलं तेव्हा त्याला माहीतही नव्हतं की लेखक माझा सख्खा मामा. मीही सांगितलं नाही. म्हटलं, आधी तुमची परवानगी. हक्क तुमच्याकडे आहेत, असं प्रकाशकांकडून कळलं.

ती कादंबरी मला पाठ आहे. घड्याळं दुरुस्त करणारा बाप, क्लॅरिनेट वाजवणाऱ्याबरोबर निघून गेलेली थोरली, घरात उरलेली मुखदुर्बळ धाकटी. सहा वर्षांनी थोरली लेकराला घेऊन दारात येते, आणि मग ते शेवटचं वाक्य, जे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला येतं: ‘त्यानं कडीवर हात ठेवला, मग काढून घेतला.’ आम्हाला तो उतारा होता. मास्तरांनी रसग्रहण करायला सांगितलं, मी कोरा कागद दिला आणि छडी खाल्ली.

खरं सांगू का, नाटक हे निमित्त आहे. आईच्या माहेरचं आता एकच माणूस उरलंय. नकार द्यायचा असला तरी द्या, पण उत्तर पाठवा.

तुमचा भाचा

२० जानेवारी

बाळा,

तुझ्या पत्रात सात चुका आहेत. रागावू नकोस. दादा गेल्यावर मी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. लोकांच्या चुका काढून काढून डोळ्याला खोड लागलीय. आठवी चूक सगळ्यात मोठी. मावशीला कुणी ‘अहो’ म्हणतं का रे? ताईनं तुला हेच शिकवलं?

तू नाटकवाला आहेस हे मला माहीत होतं. वर्तमानपत्रात तुझा फोटो आला होता एकदा. कपाळ अगदी दादाचं. कापून ठेवला होता, पण सांगणार कुणाला आणि काय म्हणून?

लोक मला विचारत आलेत, हे तुमच्याच घरातलं का हो? मी म्हणते, कादंबरी म्हणजे कादंबरी. पण तुझ्यापासून काय लपवायचं. बापाच्या जागी भाऊ ठेव, की आमचं घर झालं. आई-वडील लवकर गेले, दादानं आम्हा दोघींना वाढवलं. घड्याळांनी त्याची नजर खाल्ली. डोळ्याला भिंग लावून लावून शेवटी भिंगातूनही दिसेना. दुकान बंद झालं आणि तो रिकामा बसून बसून चिडचिडा झाला. मग एक दिवस म्हणाला, ‘ठमे, वही घे.’ तो सांगायचा आणि मी लिहायची. अख्खी कादंबरी माझ्या हातची आहे.

ती छापून आल्यावर चार महिन्यांत तो गेला. नाव झालं ते नंतर.

परवानगी देते. गाणी घाल, नाच घाल, घड्याळजीला टकला केलास तरी माझं काही म्हणणं नाही. एकच अट. शेवट आहे तसाच राहील. दार उघडायचं नाही. एवढं मला लिहून दे.

तुझी मावशी

२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

घे, लिहून देतो. दार उघडणार नाही. शब्द म्हणजे शब्द.

निर्मात्याला तुझी अट सांगितली तेव्हा त्याचा चेहरा पडला. त्याचं म्हणणं, संगीत नाटकातून माणूस गुणगुणत घरी गेला पाहिजे, सुतकी चेहऱ्यानं नाही. मी म्हटलं, मग दुसरी कादंबरी शोध. शेवटी कबूल झाला.

संगीतकार आमचा भला माणूस आहे, पण भलताच हट्टी. चार दिवस घड्याळांच्या दुकानात जाऊन बसला. दुकानदाराला वाटलं, हा चोरीच्या बेतानं टेहळणी करतोय! त्या टिकटिकीवर त्यानं पहिलं गाणं बांधलंय. आणि एक अंगाई केलीय, थोरली लहान असताना बाप तिला म्हणतो ती. पहिल्या अंकात बाप दुकानातून घरी येतो तेव्हा दरवेळी ती वाजते. दार उघडलं की अंगाई. वीसच्या वीस वादकांना एवढं पक्कं पाठ झालंय, की चहावाला दार उघडून आत आला तरी कुणीतरी सुरू करतं.

एक विचारू? आईनं त्या दिवसाबद्दल मला कधी धड सांगितलं नाही. आम्ही आलो तेव्हा तू घरात होतीस का?

तुझा भाचा

९ फेब्रुवारी

बाळा,

परवानगीचा कागद सही करून सोबत पाठवला आहे. प्रकाशकांना वेगळं कळवलंय.

दादा होता त्या दिवशी घरात. मी असून नसल्यासारखीच. जुन्या गोष्टी उकरून काय हाती लागणार आहे? तू नाटक लिही.

अंगाईची कल्पना चांगली आहे. दादा ताईला खरंच गाऊन झोपवायचा. आवाज मात्र फुटक्या भांड्यासारखा होता, तेवढं तुझ्या नटाला सांग.

गुडघे दुखतात, म्हणून पत्र लहान. गुडघ्यांचा आणि पत्राचा काय संबंध म्हणशील. म्हातारपणी कशाचाही कशाशी संबंध असतो.

तुझी मावशी

१८ जून

प्रिय मावशी,

चार महिने पत्र नाही, म्हणून कान धरतो.

नाटक लागलं, आणि चाललं. चाललं कसलं, धावतंय! पुढच्या दीड महिन्याचे प्रयोग आत्ताच भरलेत. दाराशी ‘जागा नाही’ची पाटी लावायची वेळ येते. टिकटिकीचं गाणं शाळेतली पोरं म्हणतात. परवा न्हाव्याकडे गेलो होतो, तर तो कात्रीच्या तालावर तेच म्हणत होता. माझ्या कानाचं काही खरं नव्हतं.

बापाचं काम करणारा नट मूळचा भारदस्त आवाजाचा, तुझा निरोप ऐकून दुखावला. ‘फुटकं भांडं कसं गायचं ते शिकवा,’ म्हणाला. पण त्यानं खरंच आवाज जरा खरबरीत केला आणि गाणं खुललं. शेवटाला लोक उभे राहतात.

तू ये म्हणून आग्रह करणार होतो, पण एवढा लांबचा प्रवास, त्यात तुझे गुडघे. सवडीनं बघू. घाई नाही. मीच केव्हातरी येऊन सगळं सांगेन.

तब्येतीला जप.

तुझा भाचा

३० जुलै

चिरंजीव,

माझ्या शेजारणीची सून तुझ्या गावाला गेली होती. नाटक पाहून आली. गॅलरीत कपडे वाळत घालता घालता अंगाई म्हणत होती. मी विचारलं, कुठली गं ही? ती म्हणाली, ‘अहो मावशी, तुमच्याच दादांच्या नाटकातली! शेवटी बाप दार उघडतो आणि हीच वाजते. मी तर इतकी रडले, इतकी रडले, की पदर पिळून काढला.’

माझ्या हातातली चिमट्यांची टोपली खाली पडली.

शब्द म्हणजे शब्द, नाही का? आणि वर माझ्या गुडघ्यांची काळजी! मी तिकडे येऊ नये म्हणून किती गोड लिहिलंस रे. नाटकवाल्याच्या जातीला शोभेल असं. मीच मूर्ख. ताईचं पोर म्हणून डोळे मिटून सही केली.

कुणा प्राध्यापकांनी लिहिलेलंही वाचलं. ‘लेखकानं जी सत्यनिष्ठा शेवटच्या वाक्यापर्यंत सांभाळली, ती नाटककारानं टाळ्यांसाठी विकली.’ मी दोनदा वाचायला घेतलं ते. दुसऱ्यांदा वाचवेना.

दार का उघडलंस? एवढंच सांग. बाकी साखर पेरू नकोस.

मावशी

६ ऑगस्ट

मावशी,

साखर पेरत नाही. जे झालं ते सांगतो.

पहिले सहा प्रयोग दार बंदच होतं. लोक शांतपणे उठून घरी जायचे. निर्माता डोकं धरून बसायचा. मी ढिम्म हललो नाही. सातवा प्रयोग दुसऱ्या, मोठ्या नाट्यगृहात होता. तिथला रंगमंच जुन्या पद्धतीचा, प्रेक्षकांकडे उतरता. आमच्या सुतारानं दाराला खरी लोखंडी कडी बसवली होती, कारण संगीतकाराला तिचा आवाज हवा होता. नट हात ठेवतो, कडी जराशी सरकवतो, आवाज येतो, मग पुन्हा बसवतो आणि हात काढून घेतो. सपाट रंगमंचावर काही बिघडत नव्हतं. या उतरत्या रंगमंचावर कडी सरकली आणि दार आपल्या वजनानं सताड उघडलं.

नट खांबासारखा उभा. बाहेर थोरलीचं काम करणारी पोरगी, कडेवर बाहुली घेऊन, तीही खांबासारखी. आणि खाली वीस वादक. दार उघडलं की अंगाई! त्यांनी सुरू केली. मुलगी काय करणार? गात गात आत आली. नटानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, कारण तो हात कुठेतरी ठेवायलाच हवा होता.

मावशी, मी पस्तीस वर्षं नाटकात आहे. अशा टाळ्या ऐकल्या नाहीत. लोक जागेवरून हलेनात.

आता माझा गुन्हा. दुसऱ्या दिवशी सुतार दाराखाली ठोकायला पाचर घेऊन आला. ‘काल इज्जत गेली साहेब, आज नाही उघडणार,’ म्हणाला. निर्माता काही बोलायच्या आत मी म्हटलं, राहू दे. मी म्हटलं. टाळ्यांसाठी असतं तर बरं झालं असतं, निदान तुझ्या प्राध्यापकाचं खरं झालं असतं.

मला तो दिवस आठवतो. पाच वर्षांचा होतो, पण आठवतो. आई म्हणाली होती, घरात कोणी नाही वाटतं. आणि मला आतून घड्याळं ऐकू येत होती, कितीतरी, आणि कुणीतरी खोकल्याचंही ऐकू आलं. मी आईला म्हटलं, आत कोणीतरी आहे. ती म्हणाली, चल.

आणखी एक आहे. तुला हे माहीत नसणार. त्या दिवसानंतर सहा वर्षांनी कुणीतरी आईला सांगितलं की दादाचे डोळे गेले, तब्येत बरी नाही. तिनं रडून घेतलं आणि म्हणाली, झालं गेलं, मी जाते. मला बरोबर घेतलं. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानात मामांचं नाव दिसलं. नवं कोरं पुस्तक. आईचा आनंद काय सांगू! दुकानदाराला म्हणाली, ‘माझा भाऊ आहे हा.’ गाडी सुटल्यापासून खिडकीशी बसून वाचत होती. आहे केवढं, शंभर-सव्वाशे पानं. पहिली पानं वाचून हसली, मलाही वाचून दाखवली. दुपारी शेवटच्या पानावर आली. पुस्तक मिटलं. पुढचं स्टेशन आलं तेव्हा म्हणाली, ‘उतर.’ मी म्हटलं, अजून मामाचं गाव आलं नाही. ती म्हणाली, ‘दादानं आधीच उत्तर दिलंय. आता दारात जाऊन पुन्हा कशाला विचारायचं?’

परतीच्या गाडीला चार तास होते. आम्ही बाकावर बसून राहिलो. तिनं डब्यातलं मला खायला घातलं, स्वतः घास घेतला नाही. पुन्हा कधी माहेरचं नाव काढलं नाही.

म्हणून ते दार उघडलं तेव्हा मला बंद करवलं नाही. तुझा शब्द मोडला, त्याची माफी मागतो. मामांच्या सत्याचा अपमान झाला असेल तर त्यांचीही. पण ते सत्य आम्ही बाहेरच्या बाजूनं पाहिलंय.

तुझा भाचा

२१ ऑगस्ट

माझ्या बाळा,

तुझं पत्र वाचलं आणि गॅलरीत खालीच बसले. शेजारीण डॉक्टरला बोलावू का म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टर काय करणार आहे. पंधरा दिवस लेखणी हातात धरवली नाही. आज धरलीय तर एका दमात लिहिते. पुन्हा वाचणार नाही, चुका राहिल्या तर राहोत.

दादानं दार उघडलं होतं.

घरचं खरं दार नाही, ते तर त्यानं उघडलं नाहीच. पण पुस्तकात उघडलं होतं. त्यानं मला शेवट सांगितला त्यात दार उघडतं. तीन दिवस लागले त्याला तेवढं सांगायला. एक वाक्य सांगायचा आणि उठून फेऱ्या मारायचा, टेबलाला धडकायचा, पुन्हा बसायचा. ‘त्यानं कडीवर हात ठेवला’ इथपर्यंत मी लिहिलं. पुढचे शब्द, ‘मग काढून घेतला’, हे माझे आहेत. तिथे मी पूर्णविराम दिला. तो पुढे सांगत राहिला आणि मी कोरडी लेखणी कागदावर फिरवत राहिले, त्याला आवाज ऐकू यावा म्हणून.

ज्या वाक्यावर पोरांनी परीक्षा दिल्या आणि तू छडी खाल्लीस, ते माझं पाप आहे.

मला संताप आला होता रे. ताई दारात आली तेव्हा हा दगडासारखा बसला, आणि आता पुस्तकात दार उघडून मोठेपणा घेतो? लोक म्हणणार, काय मनाचा मोठा माणूस! मी म्हटलं, नाही. जे झालं तेच छापलं जाईल. मी पंचवीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं की खरं म्हणजे काय ते मलाच कळतं.

आणि खरं तरी मी कुठे लिहिलं? ताईनं दोन हाका मारल्या होत्या. पहिली, ‘दादा’. दुसरी, ‘ठमे, तू तरी.’ मी त्याच खोलीत होते. तू विचारलं होतंस, मी घरात होते का. होते. खोकले ती मीच. एकोणीस वर्षांची घोडी, हातात विणकाम घेऊन बसले होते. उठले असते तर दादानं अडवलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तो माझ्याकडेच बघत होता. मी मान वर केली नाही. तुमची पावलं लांब जाईपर्यंत मी टाके घालत राहिले. नंतर सगळा दोष त्याच्या माथी मारला आणि स्वतः सुटले. दुसरी हाक दादानं पुस्तकात सांगितली होती. ती मी गाळली.

पुस्तक छापून आलं तेव्हा त्याला वाचून दाखवलं. शेवटच्या पानाशी आले आणि त्यानं सांगितलेलं तोंडपाठ म्हटलं, जणू छापलेलंच वाचतेय. पुढे कोणी वाचक भेटायला आला, तर त्याच्या तोंडून छापलेला शेवट दादाला कळू नये म्हणून ‘त्यांना बरं नाही’ सांगून मी दारातूनच वाटेला लावायची. त्या दिवशी शेवटचं पान ऐकून झालं आणि दादा म्हणाला, ‘ठमे, ताईपर्यंत पोचेल ना गं हे?’ मी म्हटलं, पोचेल. त्यानं पुस्तक लिहिलं ते ताईसाठी लिहिलं होतं, बाळा. तोंडानं माफी मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून एवढं सव्वाशे पानांचं वळण घेऊन गेला. चार महिने तो वाट बघत होता. दारावर कोणी टकटक केली की मान वळवायचा. दूधवाला आला तरी वळवायचा.

मला वाटायचं, ताईचा राग गेला नाही म्हणून ती येत नाही. तुझ्या पत्रानं कळलं की ती निघाली होती. अर्ध्या वाटेपर्यंत आली होती.

तिला मी परत पाठवलं. दोनदा पाठवलं.

तू मला शब्द दिलास तो मोडलास, चांगलं केलंस.

मावशी

२५ सप्टेंबर

बाळा,

महिना झाला. तुझं पत्र नाही. रागावला असशील, आणि रागवायलाच हवं. मी उत्तर मागत नाही. पत्र पोचलं एवढं कळलं तरी पुरे. पोस्टमन येतो तेव्हा मी गॅलरीत उभी असते. तो खालूनच हात हलवतो, काही नाही म्हणून.

मावशी

३ नोव्हेंबर

मावशी,

पत्र पोचलं होतं. तुम्हाला ताटकळत ठेवलं. मुद्दामच ठेवलं, खोटं कशाला बोलू.

दोन महिने मी प्रयोगाला गेलो नाही. एकदा गेलो, तर दार उघडायच्या वेळी उठून बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. आत अंगाई, लोकांचे हुंदके, आणि मला आई दिसत होती, त्या स्टेशनवरच्या बाकावर, मांडीवर ते पुस्तक. शेवटच्या आजारपणात ती एकदा म्हणाली होती, ‘दादानं मला मनातून काढून टाकलं, पण लिहिलं मात्र सुरेख.’ तुमच्या वाक्याचं कौतुक करत गेली ती. आता तिला कोण सांगणार?

पत्र हातात घेऊन तीन वेळा तुमच्याकडे यायला निघालो, भांडायला. तिन्ही वेळा नाक्यापर्यंत जाऊन परत आलो. मग लक्षात आलं, आमच्या घराण्यात अर्ध्या वाटेवरून परत फिरायची रीतच आहे.

‘माफ केलं’ असं लिहायला बसलो होतो. तीन शब्दही नाहीत, पण हात पुढे जाईना. खोटं लिहिणार नाही, खोट्यानंच हे सगळं झालं. पण रागही पुरता टिकत नाही, मावशी. तू एकोणीस वर्षांची होतीस. मी पन्नाशी उलटलेला माणूस, आणि तुला दिलेला शब्द मोडून चार महिने गप्प बसलो, वर गुडघ्यांची काळजी केली. कुठल्या तोंडानं बोलू?

निर्माता परवा म्हणत होता, टीका फार होतेय, शेवट मुळासारखा करू या का? मला हसू आलं. त्याला म्हटलं, आहे तोच मुळातला आहे. त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. तुला न विचारता याहून जास्त कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

एक मागतो. आमच्या नाटकात दार उघडल्यावर बाप एक अक्षर बोलत नाही, नुसती अंगाई वाजते. मामांनी पुढे काय सांगितलं होतं? तू तोंडपाठ म्हणून दाखवलंस म्हणतेस, म्हणजे तुला येत असणार. नाटकासाठी नको. नाटकाला लावणारही नाही. आई असती तर तिनं बाकी काही विचारलं नसतं. दादा काय म्हणाला, एवढंच विचारलं असतं.

तुझा भाचा

९ नोव्हेंबर

बाळा,

वरच्या अर्ध्या पत्रात ‘अहो’ आणि खालच्या अर्ध्यात ‘अगं’. मुद्रितात अशी चूक सापडली असती तर खूण केली असती. ही तशीच राहू दे. मला तेवढी पुरे आहे.

माफीचं म्हणशील तर ती तुझ्याकडून मागणं बरोबरही नाही. ज्यांच्याकडे मागायची ते दोघंही गेले. मी उरले आहे ती फक्त हे सांगण्यापुरती.

येतं मला. सत्तेचाळीस वर्षं येतं. भांडी घासताना येतं, रांगेत उभी असताना येतं. कधी कुणापुढे म्हटलं नाही. दादानं सांगितलं ते असं:

‘त्यानं कडीवर हात ठेवला. बाहेरून दुसरी हाक आली, धाकटीच्या नावानं. धाकटी हातातलं विणकाम टाकून उठली होती, दारापर्यंत पोचलीही होती. तो तिला म्हणाला, “थांब. लावलं मी आहे, मलाच उघडू दे.” त्यानं दार उघडलं. थोरली उंबऱ्याबाहेर उभी होती. सहा वर्षांत काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं त्याला काहीच आठवेना. तो म्हणाला, “केवढी वाळलीस गं.” मग त्यानं खाली पाहिलं आणि विचारलं, “याचं नाव काय ठेवलंस?” तिनं सांगितलं. त्यानं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि बाजूला सरून आत यायला वाट दिली.’

एवढंच आहे. मी उठले होते, असं त्यानं सांगितलं, बघ. मी उठले नव्हते हे त्याला माहीत होतं.

सांगून झाल्यावर त्यानं चाचपडत माझा हात शोधला आणि विचारलं, ‘ठमे, लिहिलंस ना सगळं?’

मी म्हटलं, ‘हो दादा, लिहिलं.’

ते आज लिहिलं.

मावशी